दुभाष्या कोणाचा?

कनान देशात दुष्काळ पडला तेव्हा याकोबाचे दहा मुलगे धान्य विकत घ्यायला मिसर देशात गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोठारावरचा अधिकारी म्हणजे आपणच विकून टाकलेला भाऊ योसेफ आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्याच्यासमोरच ते आपल्या जुन्या पापाविषयी आपसांत बोलू लागले. त्याला आपली भाषा कळत नाही अशी त्यांची खात्री होती, कारण बोलणे दुभाष्यामार्फत चालले होते (उत्पत्ती ४२:२३).

या दुभाष्याचे नाव पवित्र शास्त्रात दिलेले नाही. प्रवचनांतही त्याच्या वाट्याला कधी काही आलेले आम्हाला आठवत नाही. पण त्याची जागा मोठी अवघड आहे. एका बाजूला उपासमारीमुळे परमुलखात आलेली, धास्तावलेली माणसे. दुसऱ्या बाजूला ज्याच्या शब्दावर धान्य मिळणार की तुरुंग हे ठरणार असा अधिकारी. आणि मध्ये हा. पगार अधिकाऱ्याकडून, पण बोलणार तो त्या उपाशी माणसांचे शब्द. मग तो कोणाचा? त्याची निष्ठा कोणाला वाहिलेली असावी? आज हा प्रश्न आपल्यापुढे मांडावासा वाटतो, कारण ही तीन माणसांची बैठक गेली कित्येक वर्षे त्याच भूभागात रोज भरते आहे.

सीरियात मार्च २०११ मध्ये उठाव झाला आणि त्याचे पुढे यादवी युद्ध झाले. जुलै २०१२ मध्ये जॉर्डनच्या वाळवंटात, सीरियाच्या सरहद्दीपासून काही किलोमीटरवर झातारी नावाची छावणी उघडली आणि वर्षभरात तिथे लाखाहून अधिक माणसे राहू लागली. लेबनॉन, तुर्कस्तान, ग्रीसची बेटे, जर्मनी असा हा लोंढा पसरत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यावर पुष्कळ कुटुंबे माघारी गेली. पण तोवर सुदान पेटला होता. एप्रिल २०२३ मध्ये तिथे सुरू झालेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक लोकांना घरादाराला मुकावे लागले. या लोकांना तंबू, औषध, पाणी देणाऱ्या संस्थांचा कारभार बहुतांशी इंग्रजीत चालतो. अर्ज इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, देणगीदारांना जाणारी पत्रे इंग्रजीत. आणि रांगेत उभा असलेला माणूस अरबी बोलतो. या दोहोंमध्ये भाषेचा पूल बांधण्यासाठी पगारी दुभाषे आहेत, तसेच घरी बसून फुकट भाषांतर करून देणारे स्वयंसेवकही आहेत. ‘ट्रान्सलेटर्स विदाऊट बॉर्डर्स’ ही अशी संस्था १९९३ साली फ्रान्समध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर माणसांनी भरलेल्या होड्या लागत होत्या तेव्हा तिचे अनुवादक कामाला लागले होते.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या धर्मग्रामातून आखातात नोकरीला गेलेली माणसे थोडी नाहीत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले आणि त्यांतील बहुतेकांनी विमान पकडले ते जॉर्डनच्या अम्मान शहरातून. हातात एक बॅग घेऊन, परक्या सरहद्दीवर, अरबी बोलणाऱ्या शिपायापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे त्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको.

शिवाय एक गंमत पाहा. अर्ज, हकीकत, कैफियत, जबाब, वकील, हक्क, तारीख, मजकूर, साहेब. कचेरीत गेलेल्या मराठी माणसाच्या तोंडी येणारे हे सगळे शब्द मुळात अरबी आहेत, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. निर्वासित माणूस साहेबापुढे बसून ज्यांच्या आधारे आपले आयुष्य मांडतो, त्यांतले निम्मे शब्द आपल्या सातबाऱ्याच्या भांडणात रोज वापरले जातात.

आता, अरबी ही एक भाषा आहे असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. पुस्तकांची, वर्तमानपत्रांची अरबी सगळीकडे सारखी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७३ साली अधिकृत म्हणून स्वीकारली ती हीच. घरात मात्र ती कोणी बोलत नाही. ‘आत्ता’ एवढ्याच शब्दाला दमास्कसमध्ये ‘हल्लअ’, बगदादमध्ये ‘हस्सा’, कैरोत ‘दिलवअती’, मोरोक्कोत ‘दाबा’ आणि कुवेतमध्ये ‘अल्हीन’ म्हणतात. दारफूरहून चाडच्या सरहद्दीवर पळालेल्या पुष्कळ जणांची मायबोली तर मसालित किंवा झगावा. अरबी त्यांनी बाजारात किंवा शाळेत शिकलेली. म्हणजे ज्याला आपण अरबी दुभाष्या दिला त्याला आपण त्याची भाषा दिलीच असे नाही.

बोलीवरून माणूस ओळखण्याची रीतही जुनीच आहे. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उताराजवळ गिलादी पहारेकरी प्रत्येक पळपुट्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघाले तो एफ्राईमी, त्याला तिथेच ठार केले. बेचाळीस हजार माणसे मेली, असे शास्त्र म्हणते. यार्देन नदी आजही तिथेच आहे. माणूस खरोखर सीरियाचा आहे की नाही हे ठरवताना आज युरोपात त्याची बोली तपासली जाते. जर्मनीच्या निर्वासितविषयक कार्यालयाने तर २०१७ पासून अरबी बोली ओळखणारी संगणकप्रणालीच वापरात आणली. जीव घेण्यासाठी नव्हे, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण अलेप्पोची आई आणि इराकी बाप असलेल्या मुलाचा ‘हल्लअ’ कोणत्या खान्यात टाकायचा?

भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. अनुवादकांचे आश्रयदाते संत जेरोम यांनी पाम्माखियस यांना लिहिलेल्या पत्रात सोळाशे वर्षांपूर्वी ती खोडून काढली आहे. शब्दास शब्द नव्हे तर अर्थास अर्थ, असे त्यांचे म्हणणे होते. (पवित्र शास्त्राचा त्यांनी अपवाद केला, हेही सांगितले पाहिजे.) आपलेच उदाहरण घ्या. आपल्या एखाद्या आजीने इंग्रज डॉक्टरला सांगितले, ‘मुलगा रात्री घरी आला नाही तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, हातपायच गळाले,’ आणि मधल्या माणसाने ते शब्दशः पोहोचवले, तर आजीची रवानगी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर व्हायची. सीरियातील बाई म्हणते, ‘कल्बी मक्बूद’, माझे काळीज मुठीत आवळले आहे. हे दुःखाचे वर्णन आहे, हृदयविकाराचे नव्हे. तीच बाई कडेवरच्या मुलाला म्हणते, ‘तोबुर्नी’. शब्दार्थ: तू मला पुरावेस. भावार्थ: तुझ्याआधी मला मरण येवो, तुझ्यावाचून जगण्याची पाळी माझ्यावर न येवो. तिकडच्या आयांचा हा लाडाचा शब्द आहे. ज्या आईला आपल्या लेकराला स्वतः पुरावे लागले, तिच्या तोंडी तो आला तर दुभाष्याने काय करावे हे आम्हाला सांगता येणार नाही.

याहून धोक्याचा शब्द म्हणजे ‘शहीद’. मराठीतही तो आहे आणि आपण तो सैनिकांसाठी वापरतो. अरबीत मात्र बॉम्बखाली सापडलेला पाववालाही शहीद, शाळेत गेलेली मुलगीही शहीद. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक आपल्या रक्तसाक्षी संतांना हाच शब्द लावतात. ‘माझा भाऊ शहीद झाला’ असे एखादा सांगतो. दुभाष्या इंग्रजीत ‘मार्टर’ म्हणतो. अधिकाऱ्याचे लेखणीवरचे बोट थबकते: भाऊ कोणत्या टोळीत होता? शब्दकोशाप्रमाणे भाषांतर अचूक आहे. तरीही एका निरपराध माणसावर संशयाची छाया पडली.

इथे दुभाष्याने थांबून उघडपणे सांगावे: साहेब, या शब्दाचा अर्थ त्यांच्या बोलण्यात ‘मारला गेला’ एवढाच असू शकतो, त्यांना विचारून घ्यावे. आणि आपण काय सांगितले तेही त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावे. असा खुलासा करण्यात कोणाशीही अप्रामाणिकपणा नाही, कारण तो दोघांच्या देखत होतो.

पण प्रत्येक वेळी इतक्यावर भागत नाही. समजा, अम्मानच्या एका कार्यालयात सीरियातून आलेली एक विधवा बसली आहे. अधिकारी विचारतो, ‘देश सोडल्यानंतर तुम्ही पुन्हा कधी तिकडे गेला होतात का?’ ती म्हणते, ‘हो, एकदा. आई वारली तेव्हा, दोन दिवस.’ दुभाष्या रोज अशा मुलाखती ऐकतो. हे उत्तर तिला महागात पडेल हे त्याला कळते. १९५१च्या निर्वासितविषयक करारात ‘छळाची साधार भीती’ ही कसोटी आहे. जिला भीती होती ती परत कशी गेली, असा प्रश्न निघणारच. आता त्याने इंग्रजीत नुसते ‘नाही’ म्हटले तर? कोणाला कळणार आहे? बाईचे काम होईल, तिची मुले सुखरूप देशी जातील. दया म्हणतात ती हीच नाही का?

आमचे म्हणणे असे की, त्याने तसे करू नये. एक कारण व्यवहाराचे आहे. अशा मुलाखती एकदाच होत नाहीत. वर्षाने दुसरा अधिकारी, दुसरा दुभाष्या तोच प्रश्न विचारतो, बाई तेच खरे उत्तर देते, दोन कागद शेजारी ठेवले जातात आणि खोटारडी ठरते ती. ज्याने खोटे सांगितले त्याचे नावही कोणाला आठवत नाही.

पण हे कारण नसते तरी आमचे मत बदलले नसते. त्या बाईचे घर गेले. दागिने वाटेत विकले गेले. जन्माचे, लग्नाचे दाखले राहिले ढिगाऱ्याखाली. स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू तिच्याजवळ उरली आहे, ती म्हणजे तिची हकीकत. ती कशी सांगायची, काय सांगायचे, काय झाकायचे, हा हक्क तिचा आहे. दुभाष्याने तिच्या भल्यासाठी का होईना, तिला न विचारता त्यातली एक ओळ काढून घेतली, तर हेही तिच्यापासून काढून घेतलेच. आणि कोणती ओळ? जिवावर उदार होऊन आईच्या मातीला गेली ती! कदाचित तिच्या साऱ्या आयुष्यातले ते सर्वात धाडसाचे काम असेल. ते पुसून टाकल्यावर जी बाई कागदावर उरते ती अधिक सोयीची असेल, पण ती ही बाई नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुआ या सुइणी फारोला खोटे सांगून इब्री बालकांना वाचवतात आणि देव त्यांचे कल्याण करतो. मग दुभाष्याला वेगळा नियम का? रस्त्यावरच्या नाक्यावर बंदूकधारी विचारतो, ‘हा कोणत्या गावचा?’ तेव्हाही दुभाष्याने खरेच सांगावे काय?

नाही, असे आम्हाला वाटते. नाक्यावरच्या बंदूकधाऱ्याने संभाषण मांडलेलेच नसते. तो शब्दाचा उपयोग सुरीसारखा करतो आणि त्याच्या हाती सुरी देण्यास कोणी बांधलेले नाही. कार्यालयात मात्र दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात आणि दोघांनीही आपला विश्वास तिसऱ्याच्या हवाली केलेला असतो. तो मोडला की त्या खोलीत नंतर येणाऱ्या प्रत्येकाचे शब्द संशयित होतात. संत ऑगस्टीन यांना आमची ही सूटही पटली नसती. असत्याविरुद्ध त्यांनी दोन ग्रंथ लिहिले आणि त्या सुइणींना देवाने बक्षीस दिले ते त्यांच्या दयेचे, खोट्याचे नव्हे, असा खुलासा केला. त्यांच्या तर्कात चूक दाखवणे कठीण आहे. तरी नाक्यावर उभे राहण्याची वेळ आली तर आम्ही शिफ्रा आणि पुआ यांच्या मागे जाऊ.

राहिली ती विधवा. दुभाष्याने खरे सांगितले आणि तिचा अर्ज फेटाळला गेला, तर दोष कोणाचा? आमच्या मते इथे अनेकांची गल्लत होते. दयेचे सगळे ओझे आपण मधल्या माणसावर टाकतो आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला मोकळा सोडतो. तिचे उत्तर ऐकल्यावर ‘का गेलात? कोणत्या वाटेने? त्या दोन दिवसांत कुठे लपलात?’ असे आणखी प्रश्न विचारणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. न्याय त्या प्रश्नांत आहे. दुभाष्याने दयाळूपणे खोटे बोलावे अशी गरज जिथे रोज पडते, तिथे ऐकणारा आपले काम करीत नसतो.

दुभाष्याच्या नियमांत एक असा आहे की तो ऐकताना साधा वाटतो. त्याने ‘ती म्हणते की तिला मारले’ असे म्हणायचे नाही. ‘मला मारले’ असे म्हणायचे. दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या तोंडी घ्यायचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच तो ‘माझा मुलगा बुडाला’, ‘मला कोठडीत टांगले’, ‘माझ्यावर अत्याचार झाला’ असे म्हणत राहतो. त्यात हे दुभाषे पुष्कळदा स्वतः निर्वासितच असतात, त्यांचाही कोणी बुडालेला असतो. आणि घरी जाऊन त्यातले अक्षरही बोलायची मुभा नाही. या शेवटच्या गोष्टीला आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात एक जोड आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असेल. भाषा येत नसेल तर दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येते (१९८३ची धर्मसंहिता, कलम ९९०) आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते (कलम ९८३). धर्मगुरूंना त्यासाठी वर्षानुवर्षे शिकवले जाते. बायकामुलांच्या काळजीत असलेल्या छावणीतल्या तरुणाला ते दोन दिवसांच्या प्रशिक्षणात जमावे, अशी अपेक्षा आपण करतो.

जिथे दुभाष्या मिळत नाही तिथे काय होते? मूल पुढे केले जाते. मुले परकी भाषा लवकर उचलतात. दहा वर्षांची पोर डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये उभी राहते आणि आईच्या पोटातले बाळ जिवंत नाही हे तिला स्वतःच्या तोंडाने आईला सांगावे लागते. ही सोय म्हणून कितीही उपयोगी असली तरी ती करू नये, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. डॉक्टरने तासभर थांबावे, फोनवरून दुसऱ्या गावचा दुभाष्या शोधावा. मुलीला बाहेर खेळायला पाठवावे.

आणि यंत्र? मोबाइलवर बोलले की दुसऱ्या भाषेत ऐकू येते, मग माणूस हवा कशाला, असे आता तरुण मंडळी विचारतात. पाण्याची टाकी कुठे आहे हे विचारायला यंत्र उत्तम आहे, जरूर वापरावे. पण ऑक्टोबर २०१७ मधली एक घटना सांगण्यासारखी आहे. एका पॅलेस्टिनी बांधकाम मजुराने बुलडोझरला टेकून काढलेला आपला फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली अरबीत ‘सुप्रभात’ अशा अर्थाचा शब्द लिहिला. यंत्राने त्याचे हिब्रू भाषांतर ‘त्यांच्यावर हल्ला करा’ असे केले. इस्रायली पोलिसांनी त्याला पकडून नेले. अरबी जाणणाऱ्या एकाही अधिकाऱ्याने मूळ शब्द आधी वाचला नव्हता. चूक लक्षात आल्यावर त्याला सोडण्यात आले. चुका माणसेही करतात. पण माणसाला शंका येते, तो थांबतो आणि ‘पुन्हा सांगता का?’ असे विचारतो.

संत जेरोम यांचा सण ३० सप्टेंबरला येतो. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०१७ पासून तो दिवस आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून मानला आहे. त्यांच्या चित्रांत सिंह असतो, कवटी असते, ग्रंथ असतात. एक गोष्ट मात्र चित्रकारांनी फारशी काढलेली नाही. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले आणि कालपरवापर्यंत श्रीमंत असलेली रोमन कुटुंबे जीव घेऊन बेथलेहेमात येऊन पोहोचली. जेरोम तेव्हा यहेज्केलच्या पुस्तकावर भाष्य लिहीत होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि आलेल्यांची सोय पाहायला घेतली. त्या भाष्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच हे नमूद केले आहे. स्वभावाने तापट आणि कामात खंड पडलेला न खपणाऱ्या त्या विद्वानाने हे केले, म्हणून आम्हाला ते विशेष वाटते.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत अरब देशांतून रुग्ण येतात. पुण्यात येमेन आणि सुदानमधून विद्यार्थी शिकायला येत आले आहेत आणि मायदेशी युद्ध पेटल्यावर परत जाणे त्यांना अवघड झाले. आपल्या धर्मग्रामात आखातातील रुग्णालयांत उमेद घालवून परतलेल्या परिचारिका आहेत, ज्यांना ‘कुठे दुखते?’ आणि ‘घाबरू नका’ हे अरबीत अजून येते. त्यांच्यापैकी कोणाला या कामात हात द्यावासा वाटला, तर समोरच्या माणसाला त्यांनी आधी एवढेच विचारावे की तो घरी कोणती भाषा बोलतो.